कस्तुराच्या गुलाबाखालची कमान

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कमान आहे. कमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर देवळाचं महाद्वार येईल, नाहीतर चौकात वाढदिवसाचे फलक लावायला उभारतात तसली काहीतरी भव्य वस्तू येईल. तसला थाट माझा नाही. तळवड्यात, आयटी पार्कच्या मागच्या अंगाला, अर्ध्या गुंठ्यातल्या एका घराच्या अंगणात फाटकाशी मी उभी आहे. माझ्याखालून एका वेळी एकच माणूस जातो आणि तो जरा उंच असला तर त्याला मान लववावी लागते. त्यामुळे भले भले माझ्यापुढे वाकून गेले आहेत, असं मी मनाशी म्हणून घेते. घरपोच खोकी आणणारी पोरं वाकायला विसरतात आणि कपाळ चोळत जातात, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतला. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये पॉलिहाऊसचे सांगाडे बनत असत. मावळात तुम्ही कधी गेला असाल तर डोंगराच्या पायथ्याशी पांढरी लांबलचक प्लॅस्टिकची छपरं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या आत गुलाब वाढवतात, आणि ती छपरं तोलायला गोल वाकवलेले पाइप लागतात. मीही त्यांतलीच एक होणार होते. पण मला वाकवण्याच्या ऐन वेळी मशीनवरच्या माणसाचं लक्ष चहाच्या किटलीकडे गेलं आणि मी हवी त्याहून जास्त वाकले. तपासणाऱ्यानं माझ्या अंगावर लाल रंगानं फुली मारली आणि मला कोपऱ्यात उभं केलं. तिथं माझ्यासारखीच फुली लागलेली आणखी एक होती. बाकीच्या आमच्या डोळ्यांदेखत टेम्पोत चढून गुलाबांकडे निघून गेल्या. आम्ही दोघी भंगारवाल्याची वाट पाहत राहिलो. खरं सांगते, लोखंडालाही वाईट वाटतं.

त्या वर्कशॉपमध्ये कोंडीराम नावाचा वेल्डर होता. लातूरकडचा माणूस, काळासावळा, कमी बोलणारा, पण हात असा की त्यानं जोडलेला सांधा बोटांना लागत नसे. त्यानं मालकाला विचारून आम्हा दोघींना मागून घेतलं, समोरासमोर उभं केलं आणि मध्ये आडव्या पट्ट्या जोडून आमची एकच कमान केली. म्हणून मी कधी 'आम्ही' म्हणत नाही. आता दोघींची मिळून मी एकच आहे.

कोंडीरामनं मला घरी आणलं ते बायकोसाठी. तिचं नाव कस्तुरा. ती मावळातली. लग्नाआधी ती गावाजवळच्या एका पॉलिहाऊसमध्ये कामाला होती. तिथला सांगाडा उभा करायला कोंडीराम गेला आणि सांगाडा उभा राहिल्यावरही काही ना काही निमित्तानं जातच राहिला. लातूरचा गडी आणि मावळची पोर म्हणून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी थोडी कुरकुर केली. मग लग्नाला आले आणि जेवून गेले.

आता त्या गुलाबाची गोष्ट सांगते, कारण त्याच्यावाचून माझ्या आयुष्याला काही अर्थ नाही. पॉलिहाऊसमधला गुलाब कलमी असतो. वर मोठ्या लाल फुलांचं कलम आणि खाली कुठल्यातरी रानगुलाबाचा खुंट. खुंटानं फक्त मुळं पुरवायची, वर तोंड काढायचं नाही. त्यातूनही त्याला फूट आली तर कामाच्या बायका ती मोडून टाकतात. रोपं जुनी झाली की मालक ती उपटून बांधावर टाकतो. त्या ढिगातलं एक रोप कस्तुरानं सिमेंटच्या पोत्यात घालून आणलं आणि माझ्या पायाशी लावलं. वरचं लाल कलम काही दिवसांतच वाळलं. पण खालच्या खुंटानं मान वर काढली.

गल्लीत पलीकडे जयमाला राहते. ती कस्तुराच्याच गावची, पॉलिहाऊसमध्ये दोघी एकाच ओळीत काम करत. ती लगबगीनं आली.

"बये, मोड ते. रानटी फूट हाय," ती म्हणाली.

"तिथं जलमभर मोडलीच की," कस्तुरा म्हणाली. "माज्या दारात तरी वाढू दे त्याला."

आणि तो वाढला. पहिल्या वर्षी नुसत्या हिरव्या काठ्या. कोंडीराम येता-जाता तिला चिडवायचा, "पानंच बघायची होती तर मेथी लावायचीस की." ती हसायची आणि आपलं काम करत राहायची. पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या फांद्या मुद्दाम वाकवतात, ते ती शिकलेली होती. फांदी सरळ उभी राहिली की शेंड्यालाच फूल येतं. तीच आडवी निजवली की तिच्या अंगावरचा डोळा न् डोळा जागा होऊन कोंब धरतो. कस्तुरा एकेक हिरवी फांदी घ्यायची, हळूहळू वळवत माझ्या अंगावर आडवी निजवायची आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं सैल बांधायची. गाठ अशी की वाऱ्यानं फांदी हलेल पण सुटणार नाही.

दुसऱ्या फाल्गुनात मी फुलले. गुलाब फुलला असं म्हणायला हवं, पण मला तेव्हा वेगळं वाटलंच नाही. नखाएवढ्या फिकट गुलाबी फुलांचे झुपकेच्या झुपके खालपासून वरपर्यंत लागले. लोखंड कुठं दिसेना. आयटी पार्कमधल्या मुली जेवणाच्या सुट्टीत फोटो काढायला यायला लागल्या. गल्लीतली प्रत्येक नवी नवरी माझ्याखाली उभी राहून गेली आहे. कोंडीराम कमरेवर हात ठेवून फाटकात उभा राहायचा आणि कुणी विचारो न विचारो, सांगायचा, "कमान मी बनवलेली हाय बरं का."

फुलं सरली की कस्तुराचं खरं काम सुरू व्हायचं. यंदा फुलून गेलेल्या थकल्या फांद्या ती बुडापासून कापून काढायची आणि त्यांच्या जागी नव्या कोवळ्या फांद्या निजवायची. हा गुलाब गेल्या वर्षीच्या फांदीवरच फुलतो. म्हणून चैत्रात जे बांधायचं ते पुढच्या फाल्गुनासाठी. ती स्टुलावर चढून, कात्री कमरेला खोचून, ओठात चिंध्या धरून काम करायची. तिचे दोन्ही हात माझ्या अंगावरून फिरायचे. मित्रांनो, सुख म्हणतात ते मला तेव्हा इतकं सवयीचं झालं होतं की मी त्याला काही नावही दिलं नव्हतं.

एका श्रावणातल्या सकाळी ती अशीच एक सुटलेली फांदी बांधत होती. तिच्या उजव्या हातातून चिंधी खाली पडली. ती उचलायला वाकली, पण हात चिंधीपर्यंत जाईना. तिनं हाताकडे असं पाहिलं जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग तिचा पाय दुमडला आणि ती माझ्या पायाला टेकून खाली बसली. हाक मारायला गेली तर तोंडातून शब्दच नीट येईना. कोंडीराम धावत बाहेर आला. तिला दोन्ही हातांवर उचलून तो माझ्याखालून गेला तेव्हा पहिल्यांदाच वाकायला विसरला.

बऱ्याच दिवसांनी ती दवाखान्यातून परत आली. हातात काठी होती. पाय ओढत का होईना, चालत होता. बोलणं सावकाश झालं होतं, एकेक शब्द शोधून आणावा तसं, पण डोकं लखलखीत होतं. उजवा हात मात्र मांडीवर पडून असायचा.

कोंडीरामनं तिची जी सेवा केली ती मी रोज पाहिली. भोसरीची नोकरी सोडून तो घराजवळच ग्रिल-दरवाज्यांची किरकोळ कामं घेऊ लागला. स्वयंपाक तो करायचा, तिची वेणीही तोच घालायचा, ती वाकडी का होईना. डॉक्टरांनी तिला रक्त पातळ व्हायची गोळी दिली होती आणि जखम होऊ देऊ नका असं बजावलं होतं. ते त्यानं फारच मनावर घेतलं. सुरी, विळी, सुया आणि तिची छाटणीची कात्री त्यानं माळ्यावर टाकली. ती काठी टेकत गुलाबाकडे निघाली की तो हातातलं काम टाकून आडवा यायचा.

"कशाला उठायलीस? काटा लागंल. तू नुसती बसून ऱ्हा. मी हाय की."

मग ती ओट्यावरच्या खुर्चीत बसून राहायची. मी तिच्यापासून चार पावलांवर होते. ती माझ्याकडे पाहायची, मी तिच्याकडे. मला तिची फार आठवण यायची. समोर बसलेल्या माणसाची इतकी आठवण येऊ शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

गुलाबाला कुणी आवरणारं उरलं नाही. नव्या फांद्या जुन्यांवर चढल्या, जुन्या खाली वाळल्या. माझ्या पोटात वाळक्या काटक्यांचं जाळं झालं आणि माझे सांधे कुरकुरू लागले. एक फांदी विजेच्या तारेला जाऊन मिळाली, एकीनं पेपरवाल्याची टोपी उचलली. फुलं यायची, पण सगळी वर, शेंड्याला, आभाळाकडे तोंड करून. शेजारच्या गच्चीवरच्या लोकांना ती दिसायची. कस्तुराला खुर्चीतून फक्त वाळका पसारा दिसायचा.

तरी तिनं आशा सोडली नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला एक मऊ चेंडू दिला होता. उजव्या मुठीत धरून तो दाबायचा. दाबला जायचा नाही, पण ती रोज बसायची. जयमालानं एकदा तिला विचारलं, "कशापायी एवढं करतीस गं?" कस्तुरानं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "कात्री. धराया आली पायजे," ती म्हणाली. ते मी ऐकलं आणि मीही दिवस काढू लागले.

आणि मग ती दिवाळी आली.

कोंडीरामच्या मनात चांगलंच होतं, हे आधी सांगते. कस्तुराला बाहेरचा पसारा बघवत नाही हे त्याला कळत होतं. सणाला दार स्वच्छ दिसावं, तिला आनंद व्हावा, एवढंच त्याच्या मनात होतं. जयमाला तिला रिक्षातून व्यायामाला घेऊन गेली आणि कोंडीराम कामाला लागला. पण तो माणूस लोखंडाचा. त्यानं माझ्या दोन्ही बाजूंना दोरी ताणली, ओळंबा सोडला, कोपऱ्याला गुण्या लावून पाहिला, खडूनं खुणा केल्या. मग ओट्यावरच्या बोर्डातून वायर ओढून ग्राइंडर सुरू केला. दोरीबाहेरचं जे जे होतं ते ते कापलं. वाळकं कापलं आणि हिरवंही कापलं. कंपनीच्या गेटवरच्या मेंदीच्या कुंपणासारखं मला चौकोनी करून टाकलं. फाल्गुनात फुलायची प्रत्येक फांदी खाली पडली. मी ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ग्राइंडरच्या आवाजात माझं कोण ऐकणार!

पसारा भरून नेऊन तो घाम पुसत उभा राहिला तोच रिक्षा आली.

"बघ की," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर लहान मुलासारखं हसू होतं. "कसं लायनीत आलंय."

कस्तुरा माझ्याखाली येऊन थांबली. डाव्या हातानं तिनं एका कापलेल्या फांदीचं टोक चाचपलं. ते अजून ओलं होतं.

"दाजी, ह्या काड्यांवरच फुलं येनार व्हती वो," जयमाला हळूच म्हणाली. "आता काय न्हाई यायची."

कोंडीरामचं हसू तसंच राहिलं, नुसतं वाळून गेलं. कस्तुरा रागावली असती, शिव्या घातल्या असत्या तर त्यालाही सोपं गेलं असतं. ती ओट्यावर गेली आणि खुर्चीची पाठ माझ्याकडे करून घेतली.

त्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली. चेंडू तिच्या मांडीवरून घरंगळत अंगणात आला आणि माझ्या पायाशी पडून राहिला. कोंडीरामनं तो धुऊन परत दिला. तिनं तो बाजूला ठेवला.

"व्यायाम करायचा न्हाई का?" त्यानं विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली. "हात बरा करून. काम कुठं ऱ्हायलंय त्याला."

कोंडीराम तिथंच उभा राहिला. मला वाटतं, आपण नक्की काय कापलं ते त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

फाल्गुन आला. गल्लीतले लोक सवयीनं माझ्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. आयटी पार्कमधल्या मुलींनी दुसरी जागा शोधली. कोंडीराम कामाला निघण्याआधी माझ्याजवळ थांबून प्रत्येक फांदीचा डोळा तपासायचा, कुठं कळीचा गुलाबीपणा दिसतो का म्हणून. एक दिवस तो नर्सरीतून लाल गुलाबाची कुंडी घेऊन आला. कस्तुरा "चांगलं हाय" म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. तिची खुर्ची माझ्याकडे वळावी एवढीच माझी इच्छा होती. फुलं नसली तरी चालतील, पण तिनं बघावं. सगळा उन्हाळा मी त्या खुर्चीच्या पाठीकडे बघत काढला.

रोपाचं मात्र बरं असतं. त्याला रुसून बसता येत नाही. पावसाळ्यात माझ्या पायाशी बुडातून जाडजूड नव्या फांद्या सुटल्या आणि बघता बघता माझ्यावरून पलीकडे रस्त्यावर लोंबू लागल्या. कोंडीरामनं त्यांना हात लावला नाही. त्याला धीरच होईना.

गणपती उठल्यानंतरची गोष्ट. कस्तुराला डॉक्टरांकडे जायचं होतं. ती काठी टेकत माझ्याखालून निघाली आणि एका लोंबत्या फांदीनं तिचा पदर धरला. सोडवायला गेली तर काटा दंडावर लांबलचक ओरखडून गेला. गोळीमुळे रक्त थांबेना. कोंडीरामनं खांद्यावरचा पंचा तिच्या दंडाला दाबून धरला. खूप वेळानं रक्त थांबलं, तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिला ओट्यावर बसवून तो आत गेला आणि ग्राइंडर घेऊन आला. वायर बोर्डात खोचली.

"आज मुळापासूनच काढतो ह्याला," तो म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, भ्यालेला होता.

मी मनात म्हटलं, संपलं. गुलाब गेला की दारात नुसती कमान कोण ठेवतं? पण मला माझ्यापेक्षा तिचीच काळजी वाटत होती. कारण ती अजूनही पाठमोरीच होती.

ग्राइंडर घरघरला आणि एकदम बंद पडला. कोंडीरामनं मागं वळून पाहिलं. कस्तुरानं डाव्या हातानं वायर बोर्डातून ओढून काढली होती. ती उभी होती, काठीशिवाय, भिंतीला टेकून, आणि तिचं तोंड माझ्याकडे होतं.

"हात लावू नगा त्याला."

"अगं, रक्त बघितलीस का? तुला काय झालं म्हंजे?"

"तुमी मला जपलं," ती म्हणाली. शब्द सापडेपर्यंत ती थांबत होती, पण एकही शब्द तिनं सोडला नाही. "खरं हाय. दुसऱ्या कुनी... एवढं केलं नसतं. पर माजं काम बी काढून घेतलं. मग मी... कशाला ऱ्हायले?"

"काटा लागतो गं."

"लागू द्या. रगत दाबाया तुमी हायसा की."

कोंडीराम ग्राइंडर हातात धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलंही नाही. मग ग्राइंडर खाली ठेवून तो आत गेला. माळ्यावरची भांडी खडखडल्याचा आवाज आला आणि तो कात्री घेऊन बाहेर आला. दुसऱ्या हातात तिची खुर्ची. ती त्यानं माझ्या अगदी खाली आणून ठेवली.

"सांग," तो म्हणाला. "काय करू?"

त्या दिवशी डॉक्टरांकडे जाणं राहिलंच. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा बोलणी खाल्ली म्हणे.

मित्रांनो, मी वर्कशॉपमधले फोरमन पाहिले आहेत. पण खुर्चीत बसलेल्या कस्तुरासारखा कडक फोरमन पाहिला नाही. आधी वाळलेलं काढायचं. नखानं साल खरवडून बघायची, आत हिरवं नसेल तरच कापायचं. कोंडीराम अख्खी फांदी खसकन ओढायला गेला, तशी ती कडाडली, "वढू नगा! तुकडं करा. शेजारचीला लागतंय." दिवाळीच्या कापणीतून वाचलेलं वाळकं जाळं तुकड्या-तुकड्यांनी माझ्या पोटातून निघालं. किती वर्षांनी माझ्या आतून वारा गेला!

मग नव्या फांद्या निजवायच्या होत्या. कोंडीरामनं वेल्डिंगचे कातडी हातमोजे चढवले आणि एक जाडजूड फांदी धरली.

"किती डिग्रीत वाकवू?"

"तिलाच इचारा," कस्तुरा म्हणाली.

त्यानं पाइपसारखा जोर लावला. फांदी काडकन मोडली. तो जागच्या जागी गोठला. आता ही पुन्हा भिंतीकडे वळते की काय, अशी भीती त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. पण खुर्चीतून एक चिरका, तुटक आवाज आला. कस्तुरा हसत होती. कितीतरी दिवसांत न हसल्यानं तो आवाज तिचा तिलाही ओळखू आला नसेल. "पाइप न्हाई तो," ती म्हणाली. "आज वाईच वाकवा. उद्या वाईच. घाई कुनाला हाय?"

बांधायची वेळ आली तेव्हा त्यानं खिशातून तार काढली आणि ती पकडीनं पिळायला लागला. ती सोडायला लावून तिनं चिंधी मागितली. "मी बांधते," ती म्हणाली. तो घुटमळला. एका हातानं गाठ कशी पडणार? पण आता तो ऐकायला शिकला होता. त्यानं आपला एक हातमोजा काढून तिच्या उजव्या हातात हलकेच चढवला, खुर्ची सरकवली, आणि तो पडून असलेला हात उचलून फांदीवर ठेवला. हाताला धरता येत नव्हतं. पण त्याला वजन होतं. त्या वजनानं फांदी माझ्या अंगाला टेकून राहिली. मग डाव्या हातानं तिनं चिंधी फिरवली, दुसरं टोक कोंडीरामनं धरलं, आणि गाठ पडली.

तो हात जड होता, कातड्यात गुंडाळलेला होता, काहीच करत नव्हता. तरी मी तो ओळखला. मला वाटलं, आता मी गंजून पडले तरी हरकत नाही.

त्यानंतर रोज उन्हं कलली की दोघं माझ्याखाली यायची. एका दिवसात एखादीच फांदी व्हायची, कधी तीही नाही. काटे दोघांनाही लागायचे. तिचं रक्त वाहिलं की तो पंचा दाबून धरायचा आणि ती तोवर पुढच्या फांदीकडे बघत असायची. पहिल्या गाठी सैल पडल्या, जयमालानं येऊन नावं ठेवली आणि जाताना एक जुनं लुगडं चिंध्यांसाठी ठेवून गेली. व्यायामाच्या बाईंनी चेंडूचं विचारलं तर कस्तुरा म्हणाली, "हाय की. पन सध्या येळ न्हाई."

आणि या फाल्गुनात आम्ही फुललो. पूर्वीइतके नाही. डावी बाजू भरगच्च, उजवीकडे एक भगदाड, जिथं ती फांदी मोडली होती. पण या वेळी फुलं आभाळाकडे बघत नव्हती. ती खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर होती, कारण त्याच उंचीवर बसून फांद्या बांधल्या होत्या. कस्तुरा एका झुपक्यापाशी तोंड नेऊन किती वेळ तशीच बसली. कोंडीराम फाटकात उभा होता. एका मुलीनं फोटो काढता काढता त्याला विचारलं, "काका, हे तुम्ही केलं?" तो म्हणाला, "मी न्हाई. हिनं केलंय."

तिचा उजवा हात बरा झालेला नाही. होईल असं आता कुणी म्हणतही नाही. स्टुलावर चढून, ओठात चिंध्या धरून, दोन्ही हातांनी मला वेढणारी कस्तुरा परत येणार नाही, हे मला कळतं. तिला तर माझ्याआधी कळलं आहे. माझा वरचा भाग तिच्या हाताला पोचत नाही. कधी कधी ती वर बघत राहते आणि मीही तिच्या हाताची वाट बघते. ती ओढ जायची नाही. त्या ओढीसकट आम्ही फुलायला शिकलो आहोत, इतकंच.

मित्रांनो, माझे सांधे गंजले आहेत, रंगाचे पापुद्रे निघाले आहेत. पण मी तुमच्याकडे रंग मागणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कुणाचे हात थकले असतील, कुणाचे डोळे मंद झाले असतील, तर त्यांना जरूर जपा. पण जपता जपता त्यांचं काम त्यांच्यापासून लपवून ठेवू नका. 'तू बस, मी करतो' हे वाक्य मायेचंच असतं. तरी ते रोज ऐकणाऱ्याला कसं वाटतं, ते त्याला एकदा विचारा. मग त्याचं काम त्याच्यासमोर ठेवा आणि तुमचे हात त्याच्या हवाली करा.

आता फुलं सरली आहेत. पाकळ्यांचा सडा झाडून झाला आहे आणि थकलेल्या फांद्या काढायची वेळ झाली आहे. कस्तुरा माझ्याखाली खुर्चीत बसली आहे. कात्री मांडीवर आहे. कुठली फांदी जायची आणि कुठली राहायची हे तिनं कधीच ठरवून ठेवलं आहे. आत कोंडीरामचा चहा उकळतो आहे. ती थोडा वेळ वाट बघते, मग दाराकडे तोंड करून हाक मारते.

"अवो, झाला का च्या? हात आना जरा."

आणि तो गॅस बंद करून, ओले हात पंच्याला पुसत, बाहेर येतो.